मीठ किती, ते आधी सांगा

झीटा पोटेन्शियलचा, म्हणजे द्रावणात हलणाऱ्या कणाच्या कडेला जाणवणाऱ्या विजेच्या दाबाचा, आकडा घेऊन कुणी माझ्या टेबलाशी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मीठ किती होतं? नवीन मुलं गडबडतात. ‘मॅडम, सिलिका आहे, उणे बेचाळीस मिलिव्होल्ट आलंय,’ इतकं सांगितलं की त्यांच्या लेखी काम झालेलं असतं. मग मी दुसरा प्रश्न टाकते: कोणतं मीठ? (आमच्याकडे मीठ म्हणजे फक्त खायचं नव्हे, कुठलंही लवण.) इथे बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण बाटलीवरचं नाव वहीत उतरवलेलंच नसतं.

यात माझा खडूसपणा थोडा असेल, नाही म्हणत नाही. पण द्रावणात बुडालेल्या कणाच्या प्रभाराबद्दल त्या कणापुरतं बोलताच येत नाही. कणाभोवती आयनांचा घोळका जमतो आणि तो सोबत घेऊनच कण हलतो, शेजारच्या कणाला लांब ठेवतो किंवा त्याला जाऊन चिकटतो. माझं पोटापाण्याचं काम हेच आहे. रंगद्रव्यं, सिरॅमिकची पूड अशी बारीक भुकटी पाण्यात तरंगती ठेवायची, तळाशी बसू द्यायची नाही. जमलं तर श्रेय आयनांचं, बिघडलं तर खापरही त्यांच्यावरच. म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

मुळात पृष्ठभागावर प्रभार येतो कुठून? सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात त्यांतले काही आपला हायड्रोजन आयन सोडून देतात आणि मागे ऋण प्रभार उरतो. पीएच २ ते ३ च्या आसपास हे सोडणं जवळपास थांबतं, पीएच वाढवत नेला की प्रभार वाढत जातो. अभ्रकाचं गणित वेगळं. त्याच्या स्फटिकात सिलिकॉनच्या काही जागा ॲल्युमिनियमने घेतलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक थर कायमचा ऋण असतो आणि तो हिशेब मिटवायला थरांच्या मध्ये पोटॅशियम बसलेलं असतं. पापुद्रा सोलून पाण्यात ठेवला की उघड्या पडलेल्या बाजूचं पोटॅशियम सुटून जाऊ शकतं. मग साधारण दर अर्ध्या चौरस नॅनोमीटरमागे एका इलेक्ट्रॉनइतका प्रभार उघडा राहतो. शिवाय सोललेला अभ्रक अणूच्या पातळीवर सपाट निघतो. या शास्त्रातले निम्मे महत्त्वाचे प्रयोग अभ्रकावर झालेत ते उगाच नाही.

१८०९ साली मॉस्कोत रॉइस नावाच्या प्राध्यापकाने ओल्या चिकणमातीत काचेच्या नळ्या खोवल्या, त्यांत पाणी भरलं आणि त्यातून वीज सोडली. मातीचे कण एका बाजूला सरकले, पाणी दुसऱ्या बाजूला चढलं. कणावर एक प्रभार आणि भोवतालच्या पाण्यात त्याच्या उलटा प्रभार असल्याशिवाय असं होणार नाही. पण हा उलटा प्रभार नेमका कसा मांडलेला असतो, याचं चित्र यायला बराच काळ गेला. हेल्महोल्ट्झने १८५३ मध्ये सगळ्यात सरळ चित्र काढलं: पृष्ठभागावर एक थर, त्याच्यासमोर रेणूभर अंतरावर विरुद्ध प्रभाराचा दुसरा थर. थोडक्यात कपॅसिटर. डबल लेयर हे नाव तिथूनच चिकटलं आणि अजून सुटलेलं नाही.

हेल्महोल्ट्झच्या चित्रात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे उष्णता. पाण्यातला आयन शिस्तीत रांगेत उभा राहणारा प्राणी नव्हे. आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात. पृष्ठभाग त्याला ओढतो, धक्के त्याला पसरवतात. पृथ्वीचं वातावरण आठवून बघा. गुरुत्वाकर्षण हवेला खाली खेचतं, तरी हवा जमिनीवर थर होऊन पडत नाही. ती वर विरळ होत जाते आणि साधारण दर आठ किलोमीटरला तिची घनता सुमारे पावणेतीन पटींनी उतरते. १९१० मध्ये गूई आणि १९१३ मध्ये चॅपमन यांनी आयनांचा हिशेब याच पद्धतीने मांडला, फरक एवढाच की इथे खेचणारी ताकद विजेची आणि ‘वातावरण’ काही नॅनोमीटर जाडीचं.

या हिशेबातला एक आकडा मी भिंतीवर चिकटवून ठेवलाय: २५.७ मिलिव्होल्ट. २५ अंश सेल्सिअसला एका प्रभाराच्या आयनाला मिळणारे उष्णतेचे धक्के विजेच्या भाषेत मोजले तर एवढे भरतात. पृष्ठभागाचा विभव, म्हणजे विजेचा दाब, याहून बराच कमी असेल तर आयन फारसे विचलित होत नाहीत. तो १०० मिलिव्होल्ट झाला, तर विरुद्ध प्रभाराचे आयन पृष्ठभागालगत मूळ द्रावणाच्या सुमारे ५० पट होतात आणि समान प्रभाराचे तितक्याच पटींनी कमी.

दुसऱ्या बाजूकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ऋण पृष्ठभागाजवळ सोडियम जमतं, हे सगळे सांगतात. क्लोराइड तिथून हाकलला जातो, हे कुणी बोलत नाही. खरं तर विभव लहान असताना पृष्ठभागाचा निम्मा हिशेब जमलेल्या सोडियममुळे मिटतो आणि निम्मा गेलेल्या क्लोराइडमुळे. विभव वाढला की हे संतुलन मोडतं. क्लोराइड शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, सोडियमला मात्र वर मर्यादा नसते. निदान गूई-चॅपमनच्या कागदावर तरी नसते. त्यावर पुढे येते.

आता मीठ किती, या प्रश्नाकडे. पृष्ठभागाचा परिणाम द्रावणात कितपत आतवर पोचतो, ते अंतर म्हणजे डिबाय लेंग्थ. डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये आयनांभोवतीच्या आयनांसाठी जो सिद्धांत मांडला त्यावरून हे नाव पडलं, जरी गूईच्या गणितात ते अंतर आधीपासून होतं. साध्या मिठासाठी हिशेब तोंडपाठ होण्यासारखा आहे: ०.३०४ ला मोलर संहतीच्या (एका लिटरमध्ये किती मोल, त्या आकड्याच्या) वर्गमुळाने भागा, उत्तर नॅनोमीटरमध्ये. १ मिलिमोलर मीठ असेल तर ९.६ नॅनोमीटर. १०० मिलिमोलर असेल तर ०.९६. समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही कमी, म्हणजे पाण्याच्या एका-दोन रेणूंइतकं. गोड्या पाण्यातून लांबवर आलेला नदीचा बारीक गाळ खाऱ्या पाण्यात शिरताच गोळा होऊन खाली बसायला लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच. गोड्या पाण्यात कण एकमेकांना लांबूनच ढकलत होते. खाऱ्या पाण्यात त्यांना एकमेकांचा पत्ता लागतो तो जवळजवळ टक्कर होतानाच, आणि तेवढ्या जवळ व्हान डर वाल्सचं आकर्षण, म्हणजे कुठल्याही दोन कणांमध्ये अगदी जवळून असणारी ओढ, बाजी मारतं.

उलट टोकाला अगदी शुद्ध पाणी. त्यात हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांशिवाय काही नसतं, तेव्हा डिबाय लेंग्थ जवळपास एक मायक्रोमीटर भरते. कागदावर. प्रत्यक्षात भांडं उघडं ठेवा, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळेल, पीएच ५.६ च्या आसपास येईल आणि हे अंतर २०० नॅनोमीटरच्या घरात घसरेल. कुणी काही ओतलं नाही, ढवळलं नाही, तरी कणांभोवतीचं आवरण पाच पटींनी आकसलं. ‘शुद्ध पाण्यात मोजलं’ असं वहीत लिहिलेलं दिसलं की माझी भुवई वर जाते ती यामुळे. शुद्ध पाण्यात मोजणं म्हणजे किती मिठात मोजलं ते माहीत नसणं. त्यापेक्षा १ किंवा १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड स्वतःच्या हाताने घाला, म्हणजे निदान दोन दिवसांचे आकडे शेजारी ठेवता येतील.

यंत्राच्या मेनूतही एक फास आहे. यंत्र मोजतं वीज सोडल्यावरचा कणाचा वेग. झीटा पोटेन्शियल ते सूत्राने काढतं. स्मोलुचोव्स्कीचं १९०३ चं सूत्र लागू पडतं ते डिबाय लेंग्थ कणाच्या मानाने अगदी पातळ असेल तेव्हा. ह्यूकेलचं सूत्र उलट परिस्थितीसाठी, म्हणजे बारका कण आणि जाड आवरण. एकाच वेगातून निघणाऱ्या या दोन उत्तरांमध्ये दीडपटीचा फरक असतो. वीस नॅनोमीटरचे कण पातळ मिठात मोजून मेनूत स्मोलुचोव्स्की तसाच ठेवला तर आकडा खऱ्यापेक्षा लहान निघतो, आणि पुढची सगळी चर्चा त्या लहान आकड्यावर होते.

इथवरचं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मला खरं बोलायचंय ते शेवटच्या नॅनोमीटरबद्दल, कारण तिथे ‘किती’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कोणतं’ हा पुढे येतो.

गूई-चॅपमनच्या गणितात आयन म्हणजे नुसता बिंदू. त्याला प्रभार आहे, आकार नाही. याचा परिणाम किती विचित्र होतो ते एकदा हाताने काढून बघण्यासारखं आहे. १०० मिलिमोलर मीठ घ्या आणि पृष्ठभागाचा विभव ३०० मिलिव्होल्ट धरा. इलेक्ट्रोडवर एवढा सहज येतो. ३०० ला २५.७ ने भागलं की ११.७ च्या जवळपास येतात. ई चा (२.७१८ या आकड्याचा) तेवढा घात म्हणजे एक लाखाहून जास्त. म्हणजे पृष्ठभागालगत विरुद्ध आयनांची संहती दहा हजार मोलरच्याही वर! आता पाण्यात पाणीच मुळी ५५ मोलर असतं. एका लिटरमध्ये दहा हजार मोल सोडियम कोंबायचं म्हणजे दोनशे किलोहून जास्त माल एका लिटरच्या जागेत. पाण्याचं कवच पांघरलेला आयन साधारण दोन तृतीयांश नॅनोमीटर रुंद असतो. असे आयन खेटून खेटून रचले तरी सहा मोलरच्या आसपास जागा संपते.

सूत्र चुकलेलं नाही, ते आपल्या गृहीतकाशी प्रामाणिक आहे. बिंदूंना जागा लागत नाही, म्हणून ते हवे तेवढे मावतात. ऑटो स्टर्नने १९२४ मध्ये यावर उपाय काढला. पृष्ठभागाला लागून आयनांचा एक थर, त्यातले आयन आकार असलेले, जवळ येण्याची हद्द ठरलेली. आणि त्याच्या पलीकडे गूई-चॅपमनचं पसरट आवरण. म्हणजे हेल्महोल्ट्झ आणि गूई दोघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवलं. हाच तो स्टर्न, ज्याला पुढे रेणूंच्या झोतांवरच्या कामासाठी १९४३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या शाखेत त्याचं नाव रोज घेतलं जातं ते मात्र या एका थरासाठी. स्टर्नने ही दुरुस्ती केली म्हणूनच इलेक्ट्रोडवर प्रत्यक्ष मोजलेली धारकता (प्रभार साठवण्याची क्षमता), चौरस सेंटिमीटरला काही दशक मायक्रोफॅरडची, गणिताशी जुळायला लागली. पसरट आवरणावर विसंबलं तर विभव वाढेल तशी धारकता आभाळाला जायला हवी होती.

स्टर्नच्या थरात पाणीही आपल्या ओळखीचं राहत नाही. मोकळ्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास. पाणी आयनांमधली ओढ इतक्या पटींनी सौम्य करतं, म्हणून तर मीठ विरघळतं. पण सपाट भिंतींच्या मध्ये कोंडलेल्या, दोन-तीन रेणू जाडीच्या पाण्यासाठी २०१८ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी भिंतीला लंब दिशेने हाच स्थिरांक मोजला, तर तो २ च्या जवळपास निघाला. रेणूंना वळायला मोकळीकच नाही, मग ते वीज झेलणार कसे? अशा पाण्यातून पृष्ठभाग आणि आयन एकमेकांना बघतात तेव्हा त्यांच्यातली ओढ पुस्तकी आकड्यात बसत नाही.

आणि मग आयनाचा स्वतःचा स्वभाव. लिथियम आणि सिझियम, दोघांवर प्रभार एकच. उघडा लिथियम आयन लहान, ०.०७ नॅनोमीटरच्या आसपास त्रिज्या; सिझियम ०.१७ च्या जवळ. पण लिथियम लहान असल्यामुळे त्याच्याजवळचं विद्युत क्षेत्र जबर असतं आणि तो पाणी घट्ट धरून बसतो. पाण्यासकट त्याची त्रिज्या ०.३८ नॅनोमीटर होते, सिझियमची ०.३३. उघडा लहान तो भिजल्यावर मोठा. त्यामुळे अभ्रकाशी किंवा चिकणमातीशी जवळीक करताना सिझियम पुढे असतं: त्याचं पाणी सहज सुटतं आणि तो थेट पृष्ठभागाच्या खळग्यात जाऊन बसतो. लिथियम आपलं पाणी सोडायला तयार नसतो, म्हणून एका रेणूच्या अंतरावर अडून राहतो. अभ्रकाचे दोन पापुद्रे एकमेकांजवळ आणले तर मधल्या आयनांनी धरून ठेवलेलं पाणी पिळून काढायला वेगळा जोर लागतो. शेवटच्या दोन-तीन नॅनोमीटरमध्ये जाणवणारं हे प्रतिकर्षण प्रयोगात स्पष्ट दिसतं आणि गूई-चॅपमनच्या गणितात त्याला जागाच नाही.

मी हे आमच्या यंत्रावर करून बघते तेव्हा साधीच मांडणी असते. तेच सिलिका, तोच पीएच, तीच १० मिलिमोलर संहती. फक्त लिथियम क्लोराइडच्या जागी सिझियम क्लोराइड. डिबाय लेंग्थ दोन्हीकडे अगदी सारखी, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या मते दोन्ही नमुने एकच. तरी सिझियमच्या नमुन्यात उणे बाजूचा आकडा लहान येतो, कारण सिझियम स्टर्नच्या थरात जास्त संख्येने घुसलेलं असतं आणि बाहेरच्या आवरणासाठी कमी प्रभार शिल्लक राहतो. फरक काही मिलिव्होल्टचा. कुणाला तो किरकोळ वाटेल, पण सस्पेन्शन टिकणं आणि न टिकणं अशा काठावर असलो की हेच काही मिलिव्होल्ट निकाल लावतात.

आयनांमध्ये अशी उतरंड असते ही गोष्ट जुनी आहे. प्रागमध्ये फ्रान्झ हॉफमाइस्टर याने १८८८ मध्ये अंड्यातल्या प्रथिनांवर वेगवेगळी लवणं घालून पाहिली आणि कोणतं लवण किती कमी मात्रेत प्रथिन खाली बसवतं याचा क्रम लावला. सल्फेट एका टोकाला, थायोसायनेट दुसऱ्या टोकाला. आजही तो क्रम त्याच्या नावाने ओळखला जातो. लोक त्याला नियमासारखं वापरतात, आणि तिथे माझं थोडं वाजतं. पृष्ठभाग बदलला, त्याचा प्रभार धनाचा ऋण झाला, तो पाण्याला आवडणारा की नावडणारा हे बदललं, की हा क्रम उलटाही होतो. क्रम आयनांचा नसतो, आयन आणि पृष्ठभाग या जोडीचा असतो.

पाणी सोडण्या-न-सोडण्याच्या या स्वभावावर एक अख्खं तंत्र उभं आहे. वीज साठवणारा सुपरकपॅसिटर म्हणजे शब्दशः डबल लेयर विकणं. सच्छिद्र कार्बनला एका ग्रॅममागे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धरले तर ग्रॅमला १०० फॅरड. मग जास्तीत जास्त आयन मावावेत म्हणून छिद्रं ऐसपैस हवीत, असंच कुणालाही वाटेल. २००६ मध्ये गोगोत्सी आणि सिमॉन यांच्या गटांनी दाखवलं की छिद्रं एक नॅनोमीटरपेक्षा लहान केली तर क्षेत्रफळामागची धारकता उलट वाढते. आयन आपलं द्रावकाचं कवच आत शिरताना थोडंफार उतरवून ठेवतो आणि भिंतीच्या जास्त जवळ जातो. अशा छिद्रात डबल लेयर म्हणायला दुसरा थर उरतच नाही. दोन्ही बाजूंना कार्बन आणि मध्ये एकेरी रांगेत आयन.

आता प्रभार एकवरून दोन आणि तीन करू, म्हणजे खरी गंमत सुरू होते. शुल्झने १८८२ मध्ये आर्सेनिक सल्फाइडच्या कलिल द्रावणात वेगवेगळी लवणं घालून पाहिलं की दोन प्रभाराचे आयन एकपेक्षा कितीतरी कमी मात्रेत कण साकळवतात, आणि तीनचे त्याहूनही कमी. हार्डीने १९०० मध्ये हे पक्कं केलं. सोव्हिएत संघात डेरयागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये, नेदरलँड्समध्ये फेर्वे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये विद्युत प्रतिकर्षण आणि व्हान डर वाल्स आकर्षण एकत्र मांडून सिद्धांत दिला. काम झालं तेव्हा दोन्हीकडे युद्ध चालू, एकमेकांचं काम माहीत नाही, म्हणून चौघांच्या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो: डीएलव्हीओ. त्यातून सुबक निकाल निघतो, साकळवायला लागणारी संहती प्रभाराच्या सहाव्या घाताने घटते. सोडियमला १ लागत असेल तर कॅल्शियमला चौसष्टावा भाग आणि तीन प्रभाराच्या आयनाला सातशे एकोणतिसावा.

प्रयोगातले आकडे याच्या बरेच जवळ येतात आणि विद्यार्थी खूश होतात. मला हा निकाल जरा जास्तच सुबक वाटतो. सहावा घात निघतो तो पृष्ठभागाचा विभव खूप मोठा धरला तर. साकळण्याच्या बेतात असलेल्या कणांचा विभव प्रत्यक्षात लहान असतो, आणि लहान विभव कायम धरून गणित केलं तर घात सहावरून दोनवर येतो. मग प्रयोग जुळतो कसा? कारण दोन-तीन प्रभाराचे आयन नुसते आवरण पातळ करत नाहीत, ते स्टर्नच्या थरात शिरून पृष्ठभागाचा प्रभारच खातात. म्हणजे उत्तर बरोबर येतं ते बऱ्याच अंशी वेगळ्याच कारणाने. पाणी निवळायला ॲल्युमिनियमची लवणं घालतात, तिथे तर हे आणखी गुंतागुंतीचं. नेहमीच्या पीएचला तीन प्रभाराचं सुटं ॲल्युमिनियम फारसं उरतच नाही. त्याचे हायड्रॉक्साइडचे धन प्रभाराचे गट तयार होतात, ते मातीच्या कणांना चिकटतात आणि उरलेला हायड्रॉक्साइडचा साका खाली बसताना कणांना सोबत घेऊन जातो. शुल्झ-हार्डीचं उदाहरण म्हणून ते सर्रास दिलं जातं, पण ते तितकंसं चपखल नाही.

तीन प्रभाराचे आयन आणखी एक प्रकार करतात, तो पहिल्यांदा बघणारा हमखास यंत्राला दोष देतो. ऋण सिलिकामध्ये लँथॅनम क्लोराइड थोडं थोडं वाढवत गेलं की झीटा उणे चाळीसवरून उणे वीस, उणे पाच असा शून्याकडे येतो. इथवर ठीक. आणखी घातलं की तो शून्य ओलांडून अधिक होतो. कण ऋणच आहे, पण विजेत तो धन कणासारखा उलटीकडे धावतो. म्हणजे पृष्ठभागाने गरजेपेक्षा जास्त लँथॅनम ओढून घेतलं. पसरट आवरणाच्या गणितात हे अशक्य आहे. हिशेब फिटला की ओढ संपते, जास्तीचे आयन येतीलच कशाला? उत्तराचा एक भाग साधा आहे: काही आयन पृष्ठभागाच्या ऑक्सिजनशी रासायनिक नातं जोडतात, विशेषतः पीएच चढा असेल तर. दुसरा भाग जास्त सुंदर आहे. तीन-तीन प्रभाराचे आयन पृष्ठभागावर एकमेकांना इतक्या जोराने ढकलतात की ते मिळेल तसे न पसरता अंतर राखून बसतात. नवीन आयन आला की शेजारचे सरकून त्याला पोकळी करून देतात, आणि त्या पोकळीत पृष्ठभागाचा उघडा ऋण प्रभार त्याची वाट बघत असतो. सरासरीने हिशेब केला तर ही पोकळी दिसत नाही. गूई-चॅपमनचं सगळं गणित सरासरीवर चालतं.

याच सरासरीबाहेरच्या वागण्यातून समान प्रभाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांना ओढूही शकतात. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या चौघांनी संगणकावर दोन ऋण भिंतींच्या मध्ये दोन प्रभाराचे आयन सोडून हिशेब केला आणि भिंती जवळ येताना आकर्षण निघालं, व्हान डर वाल्सची कुठलीही मदत न घेता. हे नुसतं गणिती कुतूहल नाही. सिमेंट घट्ट होतं तेव्हा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचे जे नॅनोकण तयार होतात ते भरपूर ऋण प्रभाराचे असतात, मध्ये कॅल्शियम आयन असतात, आणि ते एकमेकांना धरून राहण्यात या आकर्षणाचा मोठा वाटा मानला जातो. तिथे कॅल्शियमच्या जागी सोडियम असतं तर पकड ढिली पडली असती. डीएनएचा लांबलचक, ऋण धागा एवढ्याशा जागेत गुंडाळला जातो, त्यातही तीन-चार धन प्रभारांच्या स्पर्मिडीन आणि स्पर्मिन या रेणूंचं काम असंच.

शेवटी खूप मिठाचा प्रदेश. सूत्राप्रमाणे संहती वाढेल तसं आवरण पातळ होत जातं, आणि एक मोलरच्या पुढे डिबाय लेंग्थ आयनापेक्षाही लहान निघते, म्हणजे तिला अर्थच उरत नाही. २०१३ मध्ये इस्रायलाश्विली यांच्या गटाने अभ्रकाच्या पृष्ठभागांमध्ये आयनी द्रव (नुसत्या आयनांचाच बनलेला द्रव) घालून बलं मोजली, तर ती अपेक्षेपेक्षा कितीतरी लांबवर पोचताना दिसली. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या सुझन पर्किन यांच्या गटाने तेच साध्या मिठाच्या दाट द्रावणातही दाखवलं: एका मर्यादेनंतर संहती वाढवली की बलाचा पल्ला कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि काही नॅनोमीटरपर्यंत जातो. सिम्युलेशन करणारे तेव्हापासून डोकं खाजवतायत. त्यांनाही पल्ला वाढताना दिसतो, पण इतका नाही. माझा कल प्रयोगाच्या बाजूला आहे, तरी दोन अभ्रकांच्या मध्ये दिसलेला पल्ला मोकळ्या द्रावणालाही लागू आहे हे मी अजून मान्य केलेलं नाही. माझ्या यंत्रावर या भांडणाचा निकाल लागणार नाही. इतक्या दाट मिठात वीज सोडली की नमुना तापतो, बुडबुडे येतात आणि सेलचे, म्हणजे नमुना भरायच्या कुपीचे, इलेक्ट्रोड काळे पडतात. नवीन मुलांपैकी कुणी ना कुणी ते करून बघतंच, आणि मग सेल बदलण्याच्या अर्जावर सही करायला माझ्याकडे येतं.